सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर आणि यूएसबी ॲडॉप्टर: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

हॉलच्या लॅपटॉपचं एचडीएमआय सॉकेट आता पूर्णच सैल झालंय. केबल धरून ठेवली तर चित्र येतं, सोडली की ‘नो सिग्नल’. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड उघडावा लागेल असं सांगितलंय आणि खर्चाला मंजुरी म्हणजे फाईल फिरणार. २१ तारखेला विभागाचं चर्चासत्र आहे, तोवर काही ती येत नाही.

कपाटात २०१५ च्या खरेदीतलं यूएसबी ३.० ते एचडीएमआय ॲडॉप्टर सापडलं, सीडीसकट. हॉलच्या लॅपटॉपवर विंडोज १० आणि ऑफिस २०१६. हॉलमध्ये नेट येत नाही, म्हणून ड्रायव्हर (ॲडॉप्टर चालवणारं सॉफ्टवेअर) सीडीवरूनच टाकला. डेस्कटॉप लगेच पडद्यावर आला आणि मामांनी खुर्च्या लावायला घेतल्या.

मग पीपीटी उघडून एफ५ दाबलं आणि पडदा काळा. लॅपटॉपवर स्लाइड्स पुढे सरकतायत, नोट्स दिसतायत, वर घड्याळही चालू आहे. एस्केप दाबलं की डेस्कटॉप पुन्हा हजर.

५ ऑगस्ट, मंगळवार

‘प्रोजेक्टर गेला असेल’ हे सकाळपासून निरनिराळ्या लोकांकडून ऐकलं. प्रोजेक्टर गेला असता तर डेस्कटॉप कुठून दिसला असता? तरी एकेक गोष्ट बाजूला काढत गेलो.

ब्राउझर पडद्यावर ओढून एफ११ ने फुल स्क्रीन केला: दिसतो. पीडीएफ फुल स्क्रीन: दिसते. त्याच लॅपटॉपवर लिबरऑफिस आहे, त्याच्या इम्प्रेसमध्ये तीच फाइल उघडून स्लाइड शो लावला: दिसतो. म्हणजे केबल, प्रोजेक्टर, ॲडॉप्टर, यूएसबी पोर्ट सगळं काम करतंय. अडतंय ते फक्त पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोला.

विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ (दोन्ही पडद्यांवर तेच चित्र) आणि ‘एक्स्टेंड’ (दोन्हींवर वेगळं) दोन्ही करून पाहिलं. डुप्लिकेट असताना एफ५ दाबलं की दोन्ही पडदे क्षणभर काळे होतात, नंतर लॅपटॉपवर प्रेझेंटर व्ह्यू, म्हणजे वक्त्यापुरता नोट्स आणि घड्याळाचा पडदा, उघडतो. ही क्षणभराची काळोखी वेगळी आणि त्यानंतर टिकून राहणारी वेगळी, हे लक्षात यायला वेळ लागला.

पहिलीचं कारण पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समध्येच आहे. ॲडव्हान्स्ड, मग डिस्प्ले. तिथे ‘लॅपटॉपवर सादर करताना डिस्प्ले आपोआप एक्स्टेंड करा’ अशा अर्थाचा पर्याय टिक केलेला असतो. त्यामुळे डुप्लिकेटवर असलेला पडदा स्लाइड शो सुरू होताना एक्स्टेंडवर जातो. साध्या एचडीएमआयला हा बदल झटकन होतो, यूएसबी ॲडॉप्टरला दमाने होतो. सुरुवातीलाच एक्स्टेंड करून ठेवलं की हा प्रकार संपतो. टिक काढली नाही, कारण घाईत आलेल्या वक्त्याला ती उपयोगी आहे.

दुसरी काळोखी मात्र एक्स्टेंडवरही तशीच.

६ ऑगस्ट, बुधवार

त्याच डिस्प्ले विभागात आणखी दोन पर्याय आहेत: हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा, आणि स्लाइड शोचं हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा. ॲक्सिलरेशन म्हणजे चित्र काढायचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपवर सोपवणं. दुसऱ्यावर टिक केली, पॉवरपॉइंट बंद करून पुन्हा उघडलं, एफ५. पहिली स्लाइड पडद्यावर.

इथेच थांबता आलं असतं. पण पीपीटीत भौतिकशास्त्राच्या मॅडमचा दोलकाचा व्हिडिओ आहे, तो तुटक तुटक चालायला लागला. स्लाइड बदलतानाचे इफेक्टही धक्के खात होते. टिक करून आजार दबला, गेला नाही.

कारण समजून घेतलं ते इथे लिहून ठेवतो, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

एचडीएमआय सॉकेटमधून निघणारं चित्र लॅपटॉपचं ग्राफिक्स थेट पाठवतं. यूएसबी ॲडॉप्टरचं तसं नाही. त्यात स्वतःचं चित्र काढणारं ग्राफिक्स नसतं. चित्र लॅपटॉपचंच ग्राफिक्स काढतं, ड्रायव्हर ते उचलतो, दाबून लहान करतो, यूएसबीतून पाठवतो आणि ॲडॉप्टरमधली चिप ते उलगडून एचडीएमआयवर मांडते. म्हणजे लॅपटॉप आणि प्रोजेक्टरच्या मध्ये एक सॉफ्टवेअर बसलेलं आहे. त्या सॉफ्टवेअरला डेस्कटॉपचं चित्र उचलता आलं, पण स्लाइड शो ग्राफिक्सकडून ज्या वाटेने रंगवला जातो तिथलं उचलता आलं नाही, तर नेमकं आपल्याकडे झालं तेच होतं. ॲक्सिलरेशन बंद केलं की स्लाइड शो साध्या वाटेने येतो, ड्रायव्हरला सापडतो, फक्त सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

तेव्हा पाहायचा तो ड्रायव्हर.

७ ऑगस्ट, गुरुवार

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टरचा हार्डवेअर आयडी पाहिला. व्हेंडर १७ई९, म्हणजे चिप डिस्प्लेलिंक या कंपनीची. या चिप्स कितीतरी ब्रँडच्या डब्यांत असतात, डब्यावरचं नाव पाहून काही कळत नाही. आयडी पाहणं हाच खात्रीचा मार्ग.

सीडीवरचा ड्रायव्हर विंडोज ७ आणि ८ च्या काळातला. विंडोज १० मध्ये २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून अशा यूएसबी पडद्यांसाठी ड्रायव्हरची नवी रचना आली. नेट असतं तर विंडोज अपडेटने नवा ड्रायव्हर आपसूक आणला असता. ऑफिसमधून पेनड्राइव्हवर नवा ड्रायव्हर आणला, जुना काढून लॅपटॉप रीस्टार्ट केला, मग नवा टाकला. जुन्यावर नवा चढवायचा नाही.

कालची टिक काढली आणि एफ५ दाबलं. स्लाइड शो पडद्यावर, ॲक्सिलरेशन चालू असताना. मॅडमचा दोलकही बऱ्यापैकी डोलतोय. बऱ्यापैकीच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

‘बऱ्यापैकी’ का, ते आज सापडलं. ॲडॉप्टर डाव्या बाजूच्या काळ्या पोर्टात लावलं होतं, कारण भिंतीवरच्या प्लेटमधून येणारी एचडीएमआय केबल तिथवरच पोचते. काळं पोर्ट म्हणजे या लॅपटॉपवर यूएसबी २.०. निळं, म्हणजे ३.०, उजवीकडे.

हिशेब करून पाहिला. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा, दर पिक्सेलला २४ बिट: सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ०.४८ गिगाबिट. यूएसबी ३.० ची ५, पण त्यात दर ८ बिटांसाठी १० पाठवावे लागतात, म्हणून हाती ४. तेव्हा काळ्या पोर्टातून चित्र जातं ते निव्वळ ड्रायव्हरच्या दाबण्याच्या कौशल्यावर. स्लाइड स्थिर असते तेव्हा बदललेला भागच पाठवायचा असतो, त्यामुळे काही जाणवत नाही. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम नवी. रेडिओवरच्या समालोचकासारखं आहे हे: खेळ थांबलेला असला की निवांत, सलग चौकार बसायला लागले की दम लागतो.

आणखी एक. आपला प्रोजेक्टर मुळात १२८० गुणिले ८०० चा आहे. १०८० चं चित्र तो घेतो आणि आत लहान करून दाखवतो. म्हणजे लॅपटॉपने मोठं चित्र काढायचं, ड्रायव्हरने दाबायचं, चिपने उलगडायचं आणि प्रोजेक्टरने पुन्हा लहान करायचं. हा उद्योग कशासाठी? डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दुसऱ्या पडद्याचं रिझोल्यूशन १२८० गुणिले ८०० केलं. दीड गिगाबिटच्या आत आलं, अक्षरंही जास्त रेखीव दिसायला लागली. मागच्या रांगेत बसून खात्री केली.

ॲडॉप्टर निळ्या पोर्टात नेलं, एचडीएमआय केबल टेबलाखालून फिरवून उजवीकडे आणली. व्हिडिओ सरळ चालतो.

११ ऑगस्ट, सोमवार

नवं दुखणं. क्लिकर, म्हणजे स्लाइड बदलायचं बिनतारी बटण, रुसला. पुढची स्लाइड दाबावी तर कधी जाते, कधी नाही, कधी दोनदा दाबल्यावर दोन्ही दाब एकदम लागू होऊन मधली स्लाइड वगळली जाते. सेल बदलले, फरक नाही.

क्लिकरचा छोटा रिसीव्हर निळ्या पोर्टाच्या शेजारच्याच पोर्टात होता. क्लिकर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. यूएसबी ३.० च्या तारांतून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका याच पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर कागद प्रसिद्ध केला आहे, माऊसचे रिसीव्हर अडखळतात ही तक्रार त्यात आहे. ॲडॉप्टर काढून क्लिकर तपासला: हॉलच्या दारातूनही चालतो. ॲडॉप्टर लावला: तीन पावलांवरून अडखळतो.

रिसीव्हर डावीकडच्या काळ्या पोर्टात, एका छोट्या एक्स्टेन्शन केबलवर, टेबलाच्या कडेला चिकटवला. आता मागच्या भिंतीपासूनही स्लाइड बदलते. मामांनी स्वतः जाऊन दाबून पाहिलं आणि आणखी काही वेळ पाहत राहिले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आवाज गेला. हॉलचा ॲम्प्लिफायर लॅपटॉपच्या हेडफोन जॅकवर आहे. ॲडॉप्टर लावलं की विंडोजला एक नवं साउंड उपकरण दिसतं, एचडीएमआयचं, आणि आवाज तिकडे वळतो. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर छताजवळ कुजबुजतो, खाली कुणाला काही ऐकू येत नाही. टास्कबारवरच्या स्पीकरवर क्लिक करून आउटपुट पुन्हा हेडफोनवर आणायचा. पोर्ट बदललं की हे पुन्हा होतं, म्हणून ॲडॉप्टरची जागा आता ठरलेली, निळं पोर्ट, हलवायचं नाही. सरळ एचडीएमआयनेही हेच होतं, दोष ॲडॉप्टरचा एकट्याचा नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

मराठी विभागाच्या सरांची तक्रार: ‘तुमचं ते ॲडॉप्टर लावलं की माझी अक्षरं बदलतात.’ काही स्लाइड्सवर कंस, उद्गारचिन्हं आणि इंग्रजी अक्षरं, काहींवर मराठी बरोबर पण ओळी खाली घसरलेल्या.

ॲडॉप्टर काढून दाखवलं, लॅपटॉपच्या पडद्यावरही तेच. सरांनी फाइल घरच्या संगणकावर केलेली. अर्ध्या स्लाइड्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या. तो फॉन्ट हॉलच्या लॅपटॉपवर नाही, म्हणून कंस आणि उद्गारचिन्हं. उरलेल्या मंगलमध्ये. विंडोज १० मध्ये देवनागरीसाठी मुळात निर्मला यूआय येतो, मंगल हा देवनागरीच्या जादा फॉन्टच्या गठ्ठ्यात असतो आणि तो वेगळा घ्यावा लागतो. मंगल नाही म्हणून निर्मला आला, त्याची रुंदी वेगळी, ओळी घसरल्या.

मंगल टाकला. जुन्या फॉन्टच्या स्लाइड्स सरांनी घरून पीडीएफ करून आणायच्या. फाइल सेव्ह करताना फॉन्ट आत भरण्याची सोय पॉवरपॉइंटमध्ये आहे, पण फॉन्ट बनवणाऱ्याने परवानगी ठेवली असेल तरच. सर म्हणाले, ‘बरं, पण ॲडॉप्टर लावण्याआधी असं नव्हतं.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तालीम. चहाला उठलो, परत आलो तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. यूएसबी काढून लावलं की येतं. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड चालू होतं, म्हणजे न वापरलेलं यूएसबी उपकरण विंडोज झोपवू शकतं. ते बंद केलं. स्क्रीन बंद होण्याची आणि स्लीपची वेळ ‘कधीच नाही’ केली, चार्जरवर असताना. पुन्हा बराच वेळ सोडून पाहिलं, टिकलं.

चित्र अडकलं तर यूएसबी उपटण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून पाहायचं. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी पीपीटी बंद पडत नाही. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

तालमीत आणखी एक गंमत झाली. एका सरांच्या नोट्स मोठ्या पडद्यावर आणि स्लाइड लॅपटॉपवर. नोट्समध्ये ‘इथे थोडा विनोद’ असं लिहिलं होतं, त्यावरच सगळे हसले. प्रेझेंटर व्ह्यूमध्ये वर डिस्प्ले सेटिंग्ज आहे, तिथे दोन्ही पडद्यांची अदलाबदल होते. हॉलच्या लॅपटॉपवर स्लाइड शो टॅबमधला मॉनिटर ‘ऑटोमॅटिक’ न ठेवता प्रोजेक्टरच निवडून ठेवला. घरी एकाच पडद्यावर सराव करायचा असेल तर ऑल्ट आणि एफ५, प्रेझेंटर व्ह्यू तसाच उघडतो.

नोट्स अंधुक दिसतात ही तक्रार लॅपटॉपचं स्केलिंग (सगळं किती मोठं दाखवायचं ते प्रमाण) १२५ टक्के आणि प्रोजेक्टरचं १०० टक्के असल्यामुळे. दोन्ही १०० केलं. अक्षरं बारीक झाली, ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो आणावा.

१८ ऑगस्ट, सोमवार

बाहेरच्या पाहुण्यांचं काय, हा प्रश्न उरला होता. एक पाहुणे कंपनीतून येणार, त्यांच्या लॅपटॉपवर काहीही टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. म्हणजे ड्रायव्हर मागणारं ॲडॉप्टर त्यांना बिनकामाचं. पाहुण्या मॅडमकडे मॅकबुक एअर. मॅकवर डिस्प्लेलिंकचं ॲप टाकून त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, कारण तिथे पडद्याचं चित्र त्याच मार्गाने उचललं जातं. दुसऱ्याच्या मशीनवर, भाषणाच्या पाच मिनिटं आधी, ‘तुमचा पडदा रेकॉर्ड करायची परवानगी द्या’ असं कोण म्हणणार? शिवाय या वाटेने संरक्षित व्हिडिओ मॅकवर काळाच दिसतो.

दोघांसाठी टाइप-सी ते एचडीएमआय असं साधं कन्व्हर्टर आणलं. हे वेगळ्या जातीचं: टाइप-सी मधून ग्राफिक्सचा सिग्नल थेट बाहेर येतो, ड्रायव्हर नाही, दाबादाबी नाही. अट एकच, त्या टाइप-सी पोर्टाला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे चित्राचा सिग्नल बाहेर पाठवायची सोय, असली पाहिजे. सगळ्या टाइप-सीला ती नसते. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाची. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण असली तर आहे. खूण नाही म्हणजे नाहीच असंही नाही, मॅकवर खूण नसते आणि पोर्ट चालतं. कंपनीवाल्या पाहुण्यांना फोन करून मॉडेल विचारून घेतलं, त्यांचं चालणार.

दुकानात दोन्ही जातींची ॲडॉप्टर्स एकाच हुकाला टांगलेली असतात आणि दुकानदार दोन्हीला ‘टाइप-सी टू एचडीएमआय’च म्हणतो. डब्यावर ‘ड्रायव्हर इन्स्टॉल करा’ असं लिहिलेलं असेल किंवा लावल्यावर सीडी ड्राइव्ह उगवत असेल, तर ते यूएसबी डिस्प्लेचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

लायब्ररीतल्या उबंटू (विंडोजऐवजी लिनक्स) लॅपटॉपवर तेच जुनं ॲडॉप्टर लावून पाहिलं, राखीव म्हणून. ड्रायव्हर पडला, पडदा नाही. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू होतं आणि ड्रायव्हरसोबतचं ईव्हीडीआय हे कर्नल मॉड्यूल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसणारा तुकडा, मान्य सही नसल्यामुळे अडवलं जात होतं. रीस्टार्टच्या वेळी निळ्या स्क्रीनवर त्या सहीची चावी नोंदवायची असते, ती घाईत एंटर मारून पुढे गेली की राहूनच जाते. चावी नोंदवली, पडदा आला. इम्प्रेसमध्ये स्लाइड शो सेटिंग्जमधून प्रेझेंटेशनसाठी दुसरा डिस्प्ले निवडला. लॉगिनच्या वेळी ‘उबंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडल्यावर नोट्स आणि स्लाइड आपापल्या पडद्यावर नीट बसले. कर्नल अपडेट झाला की मॉड्यूल पुन्हा बांधलं जायला हवं. २१ पर्यंत या मशीनवर अपडेट बंद.

२१ ऑगस्ट, गुरुवार

चर्चासत्र. पावसामुळे अर्धे लोक उशिरा, वीज दोनदा गेली. यूपीएसवर लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर आहेत, प्रोजेक्टर नाही. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा प्रोजेक्टर बंद झाल्याबरोबर पॉवरपॉइंटने स्लाइड शो लॅपटॉपच्या पडद्यावर आणला. वक्ते गोंधळले, पण बोलत राहिले. प्रोजेक्टर परत आल्यावर स्लाइड शो आपोआप तिकडे गेला नाही. एस्केप, मग शिफ्ट आणि एफ५, म्हणजे आहे त्याच स्लाइडपासून पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा वीज गेली तेव्हा मामा टेबलाशी होते, त्यांनीच शिफ्ट आणि एफ५ दाबलं.

मॅकबुक कन्व्हर्टरवर पहिल्या फटक्यात चाललं. मराठीच्या सरांची पीडीएफ ठीक. दोलक डोलला, आवाजासकट.

२५ ऑगस्ट, सोमवार

सुट्टीआधीची आवराआवर. टेबलावर चिकटवलेल्या कागदावर आता एवढंच आहे: ॲडॉप्टर निळ्या पोर्टात. आधी एक्स्टेंड, मग पीपीटी उघडा. आवाज हेडफोनवर. अडकलं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट, बी. नंतरच मला फोन.

सॉकेट दुरुस्तीची फाईल लेखा विभागात आहे. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे अपडेट मिळणार नाहीत, ऑफिस २०१६ चंही तेव्हाच संपतंय. त्यामुळे सॉकेटवर खर्च करायचा की लॅपटॉपच बदलायचा, असा शेरा मारून फाईल परत मागवली आहे. नवा घेतलाच तर पूर्ण आकाराचं एचडीएमआय आणि ऑल्ट मोड असलेलं टाइप-सी, दोन्ही हवेत असं मागणीपत्रात लिहिलंय. यूएसबी ॲडॉप्टर, नव्या ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह आणि एक्स्टेन्शन केबल एका डब्यात, डबा कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात. सीडी टाकून दिली.